तम्मूझ दहा की अकरा

माझा धाकटा भाऊ ओशीर एका जागी स्वस्थ बसलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. न्हावी आहे, दिवसभर उभा असतो, ते एक सोडा. पण जेवतानाही तो चहाची वाटी हातात घेऊन अंगणात येरझाऱ्या घालतो. पुस्तक उभ्याने वाचतो. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालू असताना मागच्या बाजूला इतका फिरतो की एकदा परदेशातून आलेल्या पाहुण्याने त्याला पहारेकरी समजून मुतारी कुठे आहे ते विचारलं. लहानपणी आईला वाटायचं, पोराच्या पोटात जंत आहेत. दोनदा औषध देऊन झालं. जंत पडले नाहीत आणि ओशीरही बसला नाही.

आमचं घर बुखाऱ्याच्या ज्यू मोहल्ल्यात, आणि घराच्या रस्त्याकडच्या खोलीत दुकान. वडील न्हावी, आजोबा न्हावी. ओशीरची बायको दहा वर्षांपूर्वी गेली, मुलगे न्यूयॉर्कला. मीही विधवा. त्यामुळे आम्ही दोघं भाऊबहीण एकमेकांवर खेकसत एका छपराखाली राहतो.

न्हाव्याचा आणि गेलेल्यांच्या तिथ्यांचा काय संबंध, असं कोणीही विचारेल. संबंध आहे. आमच्यात घरात कोणी गेलं की पुरुष तीस दिवस केसांना आणि दाढीला हत्यार लावत नाहीत. तीस दिवस भरले की पाय पहिल्यांदा वळतात ते न्हाव्याच्या दुकानाकडे. त्यामुळे कोण कधी गेलं हे मोहल्ल्यात सगळ्यात पक्कं आमच्या वडिलांना ठाऊक असायचं. कोणाला आजोबांचा वर्षाचा दिवस आठवेनासा झाला की बायका म्हणायच्या, "न्हाव्याला विचारा."

पण वडिलांना आठवायच्या त्या रशियन तारखा. सोव्हिएत काळात आमच्या महिन्यांची नावंसुद्धा लोक विसरले होते. वर्षाचा दिवस म्हणजे आमचा युशवो. माणसं जमवायची, प्रार्थना म्हणायची, आणि मग समोरची एकेक गोष्ट खाण्याआधी देवाच्या आभाराचा बराखा मोठ्याने म्हणायचा. झाडाच्या फळाचा वेगळा, मातीतल्याचा वेगळा, वासाच्या पानांचा वेगळा. प्रत्येक बराखा गेलेल्याला पोचतो, आणि त्या दिवशी तो स्वतः घरी येतो, असं आमच्या बायका मानतात. मीही मानते. गणित शिकवण्यात चाळीस वर्षं गेली, तरी मानते.

चौऱ्याण्णव साली जेरुसलेमहून एक जाड पुस्तक आलं. एका बाजूला शंभर वर्षांच्या रशियन तारखा, दुसऱ्या बाजूला आपल्या तिथ्या. तेव्हा माणसं विमानं भरभरून निघाली होती. आज या घराला कुलूप, उद्या त्या. ओशीरच्या डोक्यात शिरलं की जाणाऱ्यांनी निदान आपापल्या माणसांच्या तिथ्या तरी नीट घेऊन जाव्यात. एक अख्खा हिवाळा त्याने घरोघर फिरून दवाखान्यांचे कागद गोळा केले. गोम एकच होती. आपला दिवस मावळतीला बदलतो. माणूस सूर्य असताना गेला तर एक तिथी, मावळल्यावर गेला तर दुसरी. म्हणून नुसती तारीख पुरत नाही, वेळ लागते. तो कागद वाचायचा, मी मावळतीची वेळ काढायची, मग तो पुस्तकात तिथी शोधायचा, उभ्यानेच. दोनशेच्या वर माणसांच्या तिथ्या आम्ही अशा लावल्या.

तेव्हापासून हेच त्याचं आयुष्य होऊन बसलं. न्यूयॉर्कहून, व्हिएन्नाहून, अश्दोदहून फोन येतात, दादा म्हणावं तसं अका म्हणत, "ओशीर-अका, बाबांचा दिवस यंदा कधी?" गिऱ्हाइकाच्या गालावर फेस तसाच ठेवून हा उत्तर देतो. शनिवारी दुपारी मोहल्ल्यातल्या बायकांना गोळा करून महिने शिकवायचा, तिथी कधी लागते, कधी संपते ते शिकवायचा. बायका कुजबुजायच्या की न्हावी आता धर्म सांगणारा रब्बी झाला. मला मात्र त्याचा अभिमान वाटायचा. त्याला कधी सांगितलं नाही, तो डोक्यावर बसला असता.

यंदाच्या जुलैतला तो रविवार. संध्याकाळी साडेआठला बुलोर-खालाकडे, मोहल्ल्याच्या मावशीकडे, युशवो होता, तिच्या मुलाचा, अमनूनचा. अमनून ओशीरच्या वर्गातला, दोघं एका बाकावर बसायचे. त्र्याऐंशी सालच्या जूनमध्ये समरकंदला शिकत असताना विसाव्या वर्षी काविळीने गेला. घरचं कोणी जवळ नव्हतं. बुलोर-खालाला दुसऱ्या दिवशी तार आली आणि खाला तिथे पोचली तेव्हा हातात मिळाला तो एक कागद, त्यावर वेळ, रात्रीचे साडेआठ. समरकंदला त्या दिवसांत आठला सूर्य मावळतो. म्हणून आम्ही पुढची तिथी धरली होती, आमच्या तम्मूझ महिन्याची अकरा. आता खाला चौऱ्याऐंशीची. येत्या गुरुवारी ती कायमची मुलीकडे अश्दोदला निघाली होती. हा तिचा इथला शेवटचा युशवो, आणि पुढे तिकडे करायला ओशीरने तिथी सुंदर अक्षरात कागदावर लिहून दिली होती. तो कागद तिने पासपोर्टात घालून ठेवला होता.

दुपारी दुकानात हमरोकुल-अका दाढीला आला. हा आमचा मुसलमान शेजारी, निवृत्त बसड्रायव्हर. खुर्चीत बसला की याची जीभ सुटते.

"काय ऊन आहे रे! पण खरं ऊन आम्ही खाल्लं. संध्याकाळी साडेआठची समरकंद-बुखारा बस माझ्याकडे होती. सगळा रस्ता पश्चिमेचा. जून-जुलैत सूर्य असा डोळ्यात घुसायचा, अर्धा तास आंधळ्यासारखी गाडी हाकायची."

"साडेआठला कुठला सूर्य?" ओशीर म्हणाला. "आठला मावळतो तो समरकंदला."

"आत्ता रे! तेव्हा एप्रिलमध्ये सगळी घड्याळं तासभर पुढे सरकवायचे ना. ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी. विसरलास? नऊनऊ वाजेपर्यंत पोरं फुटबॉल खेळायची. तूसुद्धा खेळायचास!"

मी घरात संध्याकाळसाठी जर्दाळू निवडत होते. ओशीर हातात उघडा वस्तरा घेऊन आत आला. तोंड पांढरं पडलेलं.

"आपा, उन्हाळ्याची घड्याळं!"

"कसली घड्याळं? आधी तो वस्तरा मीट."

"त्र्याऐंशी साली घड्याळ तासभर पुढे होतं. तेव्हाचे साडेआठ म्हणजे आत्ताचे साडेसात. सूर्य होता, आपा! अमनून गेला तेव्हा सूर्य होता!"

माझ्या हातातली परात खाली गेली. मला लख्ख आठवलं. दर एप्रिलला पहिल्या तासाला अर्धा वर्ग झोपलेला असायचा आणि मी फळ्यावर खडू आपटून त्यांना उठवायची. वर्षानुवर्षं मी स्वतः ते घड्याळ पुढे केलं होतं, आणि तो हिशेब करताना मला, गणिताच्या शिक्षिकेला, ते सुचलंच नाही. चौऱ्याण्णवची वेळ मी डोळे मिटून त्र्याऐंशीला लावली. चूक ओशीरची नव्हती, माझी होती. मला इतकी लाज वाटली की मी उलट त्याच्यावरच ओरडले, "आणि तुला बरं आत्ता आठवलं!"

"दहा. त्याची तिथी तम्मूझ दहा. दहा म्हणजे आज, आपा. काल रात्री लागली, आज मावळतीला संपणार."

दारातून आवाज आला, "अरे, माझा दुसरा गाल!" हमरोकुल-अका अर्ध्या तोंडाला फेस आणि गळ्यात टॉवेल अशा थाटात उंबऱ्यावर उभा होता. त्याच्याकडे बघायला कोणाला वेळ होता? ओशीर अंगणात गरगर फिरू लागला. दोनशे माणसांच्या तिथ्या त्याने तोंडाने भराभर तपासल्या. उन्हाळ्यात, त्या आठ-दहा वर्षांत, आठ ते नऊच्या मध्ये गेलेला एकटा अमनूनच निघाला. बरं वाटायला हवं होतं. ओशीरला उलट ते जास्तच लागलं.

"सगळ्यांचं बरोबर, आणि चुकलं ते याचंच. माझ्याच मित्राचं."

"ऐक," मी म्हणाले, "अजून सूर्य वर आहे. लोकांना साडेआठऐवजी सातला बोलावू. खालाला सांगू, रब्बींना लवकर परतायचंय. यंदाचं बरोबर होईल. तिला कळायची गरज नाही."

"आणि तो पासपोर्टातला कागद?"

"बदलून देऊ. डाग पडला म्हणू."

त्याला ते पटलं नव्हतं, पण धीरही नव्हता. आम्ही दोघं निघालो. मागून टॉवेलसकट हमरोकुल-अका.

बुलोर-खालाच्या अंगणात तुतीखाली चूल पेटली होती. एका बाजूला मासे तळणं चाललेलं, आणि खाला स्वतः फळीवर कोथिंबीर चिरत होती, हिरव्या भातासाठी ढीगभर लागते तेवढी. वयाने कंबर वाकली, पण सुरी कोणाच्या हातात देत नाही.

"खाला," मी आवाज गोड करून म्हणाले, "रब्बींना आज लवकर जायचंय. साडेआठच्या ऐवजी सातला बसलो तर?"

"सातला?" तिने मान वर केली नाही. "सूर्य मावळतो सव्वाआठच्या सुमाराला. सातला दहाच चालू असणार. माझ्या पोराची अकरा. सूर्य असताना अकरा लागते का गं?"

मी फळीवरून पडलेल्या काड्या गोळा करू लागले.

"मी शनिवारी पहिल्या रांगेत बसायची. ओशीर, तूच शिकवलंस ना? आणि आता खोटं बोलायला बहिणीला पुढे करतोस? काय झालंय? सरळ सांग."

ओशीरने तुतीला दोन फेऱ्या मारल्या. मग तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"खाला, चूक झाली. तेव्हा घड्याळ तासभर पुढे होतं. अमनून गेला तेव्हा सूर्य मावळला नव्हता. त्याची तिथी अकरा नाही, दहा. आज. मावळतीपर्यंतच."

सुरी थांबली.

"कधीपासून चूक?"

"चौऱ्याण्णवपासून."

"म्हणजे किती युशवो?"

"एकतीस," मी म्हणाले. "हिशेब माझा होता, खाला. चूक माझी."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओंजळभर ओली कोथिंबीर उचलली आणि ओशीरच्या तोंडावर फेकली.

"एकतीस वर्षं पोरगं दारात आलं! चूल थंड, दिवा नाही, आई घोरत पडलेली! आणि दुसऱ्या दिवशी मी साऱ्या मोहल्ल्याला जेवू घातलं! ज्याच्यासाठी रांधलं तो आदल्या दिवशीच उपाशी परत गेला होता! अरे, तुझ्या बाकावर बसायचा तो! माझ्या हातची पोळी अर्धी तोडून द्यायचा तुला!"

मासे तळणाऱ्या बायका झारे हातात धरून उभ्या राहिल्या. ओशीरच्या भुवईवर कोथिंबिरीचं पान चिकटलं होतं. त्याने ते काढलं नाही. मला वाटलं, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. कशाला हवं होतं म्हातारीला हे, जायला चार दिवस उरले असताना?

खालाने डोळे रुमालाने नाही, मनगटाने पुसले, कारण बोटं हिरवी होती.

"वाजले किती?"

"साडेचार."

"मग तोंड काय बघतोस माझं? पळ!"

पळापळीत पुढचे जवळजवळ तीन तास कसे गेले ते आठवत नाही. कोण पाहुण्यांकडे होतं, कोण बाजारात, दोन म्हातारे चहाखान्यात बुद्धिबळाला बसलेले. हमरोकुल-अकाने पुतण्याची छोटी व्हॅन आणली आणि अर्धी दाढी तशीच ठेवून सगळ्या गावातून माणसं गोळा केली. ज्याच्या दारात थांबायचा तो आधी हसायचा, मग व्हॅनमध्ये ओशीरचा चेहरा दिसला की निमूट चढायचा. एक म्हातारा बुद्धिबळ सोडेना, तर हमरोकुल-अकाने त्याचा वजीर खिशात घातला आणि म्हणाला, "आता चल, गाडीत परत देतो." हमरोकुल-अकाच्या बायकोने तंदूरच्या गरम रोट्या पाठवल्या, पण आमच्यातल्या सोवळ्या म्हाताऱ्यांनी त्या तोंडावर धरून नुसता वास घेतला. भात काही शिजेना. खाला झाकण काढून बघायची आणि भातालाच शिव्या द्यायची.

सात वाजून वीस मिनिटांनी एकदाचं सगळे बसले. रब्बी तरुण, बाहेरून आलेला, घाम पुसत बसलेला. प्रार्थना झाली. अमनूनला भाऊ नव्हता, वडील केव्हाच गेले, म्हणून गेलेल्यामागे घरच्या पुरुषाने म्हणायची कद्दीशची प्रार्थना त्याच्यासाठी ओशीरच म्हणतो. त्या दिवशी तो घाईघाईने म्हणत होता आणि मधूनमधून भिंतीकडे बघत होता. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. मग जर्दाळू, तुती, काकड्या, अंडी, वासाला रेहानची पानं. एकेक बराखा, एकेक आमेन. सगळे भराभर म्हणत होते, गाडी सुटायची असावी तसे. मी मनातल्या मनात मिनिटं मोजत होते. खालाने एकही वस्तू तोंडात घातली नाही. कोणी काही पुढे केलं की ती पुढच्याकडे सरकवायची.

आठ वाजून बारा मिनिटांनी भिंतीवरचं ऊन गेलं.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. जमलं बुवा! कोणीतरी ओशीरच्या पाठीवर थाप मारली. माणसं गुडघे धरून उठायला लागली, रब्बींनी टोपी सारखी केली. ओशीरने खिशातून नवा कागद काढला. त्यावर त्याने ठळक लिहिलं होतं, तम्मूझ दहा. दोन्ही हातांनी तो खालापुढे धरला.

खालाने वाचला. "खाली अकरासुद्धा लिही," ती म्हणाली.

"खाला, अकरा चूक आहे."

"लिही. आणि कोणी उठू नका. हे दस्तरखानाचं कापड काढा, स्वच्छ घाला. भात आता झालाय."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. बुद्धिबळवाला म्हातारा म्हणाला, "बुलोर, तिथी गेली की. पोचलं त्याला. आता रात्री पुन्हा कशाला?"

रब्बी हळूच पुढे झाले. "खाला, आजची रात्र त्याची नाही. आणि आत्म्याला आपलं बरोबर कळतं, त्याला घड्याळ लागत नाही."

"तू चांगला मुलगा आहेस," खाला म्हणाली, "पण तू त्याला ओळखत नाहीस. मी ओळखते. पहिली एकदोन वर्षं आला असेल तो दहाला. दार बंद बघून गेला असेल. पण पोरगं हुशार होतं माझं. कळलं असेल त्याला, आई अकराला वाढते. मग अकरालाच यायला लागला असेल. एकतीस वर्षं मी त्याला आज रात्री बोलावलंय. सवय लागली असेल त्याला. आज येईल, आणि तुम्ही सगळे ताटं आवरून निघून गेलेले असाल, तर? मग काय करेल तो?"

रब्बी बसले. त्यांच्यामागे बाकीचे बसले. मी जाऊन दोन्ही पत्र्याची दारं रस्त्यापर्यंत सताड उघडली, कारण आता माझ्याच्याने तिथे बसवेना.

परत आले तेव्हा खालाने परातीतला एक जर्दाळू निवडून ओशीरच्या हातावर ठेवला होता.

"म्हण," ती म्हणाली. "मोठ्याने म्हण. त्याला रस्त्यावर ऐकू जायला हवं."

ओशीरने इतक्या जोरात म्हटलं की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं. खाला उघड्या दाराकडे बघत थोडा वेळ थांबली, आणि मग तिने स्वतःला भात वाढून घेतला.